नव्या तलंगा

पनवेलच्या आसपास जिथे गावठाण शिल्लक आहे, तिथे अजून खुराडी आहेत. नेरे-वाजेकडे तर आहेतच; पण इमारतींच्या कडेला उरलेल्या गावांतही पहाटे कोंबडा आरवतो आणि शेजारच्या टॉवरमधला माणूस चडफडत कूस बदलतो. अशा घरात कोंबड्या असतात पाच-सात, कोंबडा एक, फार तर दोन. वर्षा-दोन वर्षांनी जुन्या कोंबड्या अंड्यांना मंदावतात, मग बाजारातून दोन-चार तलंगा येतात. अजून अंड्यावर न आलेली, तुरा जेमतेम लाल होऊ लागलेली ती पोरं अंगणात सोडली की जे होतं, ते बघून नवख्या माणसाचा जीव कळवळतो.

भीती वाटते ती कोंबड्याची. अंगाने मोठा, पायाला काटे, चाल अशी की अंगण त्याच्या बापाचं. प्रत्यक्षात नव्या तलंगांना तो बहुधा बरा वागवतो. एक पंख खाली सोडून भोवती गिरकी घेतो, दाणा सापडला की कुट्कुट् करून बोलावतो आणि स्वतः मागे राहतो. वर घार दिसली की त्याची हाक वेगळी, जमिनीवरून मांजर आलं तर वेगळी; ती हाक सगळ्यांसाठी असते, नव्यांसाठीसुद्धा. मार मिळतो तो जुन्या कोंबड्यांकडून. त्यातही पाळणाऱ्या बायका सांगतील की सर्वांत जोरात टोचते ती पुष्कळदा कळपातली पहिली कोंबडी नसते. कालपर्यंत जिला सगळ्यांनी टोचलं, तीच नव्या पोरींवर तुटून पडते. हे ऐकून हसू येतं, आणि दोन-तीन ओळखीचे चेहरेही डोळ्यांपुढे येतात.

कोंबड्याचा त्रास होतो तो कोंबडे जास्त झाले तर. आठ-दहा कोंबड्यांमागे एक, हे प्रमाण ठीक. चार कोंबड्या आणि दोन कोंबडे असतील, तर लहान तलंगांच्या पाठीवरची पिसं राहत नाहीत. आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल आषाढातल्या गटारीला परस्पर लागतो, त्यावर वेगळी चर्चा नको.

हे टोचणं नीट पाहिलं ते थोरलाइफ शेल्डरूप-एब्बे या नॉर्वेजियन माणसाने. लहानपणापासून तो घरच्या कोंबड्या निरखत असे. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट सोसते याचा त्याने हिशेब ठेवला आणि 1922 साली तो प्रसिद्ध केला. कोंबड्यांत एक उतरंड असते, प्रत्येकीला आपली पायरी ठाऊक असते आणि ती एकदा ठरली की भांडणं कमी होतात, हे त्यातून दिसलं. नर कोंबड्यांचंही तसंच. जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं की पहाटे आरवण्याचा पहिला मान सर्वांत वरच्या कोंबड्याचा; बाकीचे त्याच्यामागून, पायरीप्रमाणे. नवी तलंग आली की ही सगळी मांडणी पुन्हा करावी लागते, आणि ती चोचीशिवाय होत नाही.

म्हणून भांडण टाळता येत नाही, सौम्य करता येतं. आपल्या जुन्या बायकांना हे पुस्तकाविना ठाऊक होतं. नवी कोंबडी आली की ती काही दिवस अंगणातच डालग्याखाली. जुन्या भोवती फिरणार, आत डोकावणार, पण चोच पोहोचणार नाही. मग एका रात्री तिला खुराड्यात नेऊन ठेवायचं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही, ती गप्प बसते. सकाळी सगळ्या एकाच दारातून बाहेर पडतात. रागाची धार तोवर बरीच बोथट झालेली असते. पुढे दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी ठेवायची आणि पळून लपायला एखादा पाटा, एखादी मोळी आडोशाला हवी. मात्र रक्त दिसलं तर त्या कोंबडीला लगेच वेगळं काढायचं, कारण लाल रंग दिसला की सगळ्या तिथेच टोचतात.

मला यातलं सर्वांत नवल वाटलं ते पुढचं. खूप कोंबड्यांच्या मोठ्या शेडमध्ये अशी उतरंड बसतच नाही, असं अभ्यासकांना आढळलं आहे. तिथे अनोळखी कोंबडीवर सहसा कोणी धावून जात नाही. एवढ्या जणींना ओळखून लक्षात ठेवणं जमत नसावं, म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. म्हणजे अंगणातल्या सहा जणी टोचतात ते ओळख ठेवायची असते म्हणून.

पनवेलमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. गावठाणात नवा माणूस भाड्याने आला की पहिल्याच दिवशी ओट्यावरून प्रश्न येतो, "कोनाचा रं तू?" विचारण्यात प्रेम नसतं, टोचच असते. तीस मजल्यांच्या टॉवरमध्ये कोणी काही विचारत नाही, लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाईलकडे बघतात. विमानतळासाठी दहा गावं उठली, तिथल्या माणसांना नव्या जागी शेजार पुन्हा जमवावा लागला. तो जमवताना खटके उडाले असतील तर त्यात मला वावगं वाटत नाही. न विचारणाऱ्या शांततेपेक्षा मला तो ओट्यावरचा खवचट प्रश्न बरा वाटतो, जरी विचारणाऱ्या म्हातारीने मागे लागून माझ्या आजोळपर्यंत चौकशी केली तरी.

नव्या तलंगा आणताना एका बाबतीत मात्र घाई नको. जानेवारी 2025 मध्ये इथून जवळच, उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू आला होता. आणि मानमोडी तर आपल्याकडची जुनीच साथ; बाजारातून आणलेली एक आजारी तलंग अख्खं खुराडं रिकामं करू शकते. डालगं जुन्यांच्या नजरेसमोर ठेवायचं ते नंतर. आधी दोन-तीन आठवडे नव्या तलंगा अंगणापासून लांब, वेगळ्या भांड्यांवर राहू द्या. लस टोचली आहे का ते विकणाऱ्याला विचारा, शंका असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. आणि आणणारच असाल तर एकटी तलंग आणू नका, दोन तरी आणा. मार वाटून जातो.