भलरी, छक्कड आणि ब्लूज

मळ्यावरचे गुलाम गातात म्हणजे ते सुखात आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या उत्तर भागातल्या गोऱ्या लोकांत रूढ होता. गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात तो खोडून काढला. गुलाम सर्वांत जास्त गातो ते त्याचे दुःख अनावर झाल्यावर. रडून जसे मन मोकळे होते तसे त्याचे गाण्याने होते, असे त्याने लिहिले. ब्लूज हे नाव तेव्हा कुठल्याही संगीताला मिळालेले नव्हते. पण ज्या विचारावर पुढे हे संगीत उभे राहिले, तो विचार डग्लसच्या त्या परिच्छेदात पुरता आलेला आहे.

गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, कापसाचे मळे मात्र राहिले. मिसिसिपीच्या खोऱ्यात कालचा गुलाम आज वाटेकरी कूळ झाला आणि मालकाच्या वहीत कर्जदार म्हणून अडकला. रानात एकट्याने दिलेली हाळी, टोळीने काम करताना पुढच्याने म्हणायची आणि मागच्यांनी उचलायची गाणी, चर्चमधली भजने या सगळ्यांतून १९०० च्या आगेमागे ब्लूजचा घाट तयार झाला. तो अगदी साधा आहे. चार-चार मात्रांचे बारा खंड मिळून अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते. त्यात गायक एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. प्रत्येक ओळ अर्ध्यावर थांबते आणि उरलेली जागा गिटार भरून काढते. दुःख एकदा सांगायचे, ऐकणाऱ्याला पटावे म्हणून पुन्हा सांगायचे आणि मग त्यावर आपले म्हणणे मांडायचे, अशी ही रचना आहे. स्वरांचेही तसेच. ब्लूजमधला गंधार शुद्ध आणि कोमल यांच्या मधे कुठेतरी लागतो, निषादही तसाच. पियानोच्या पट्ट्यांत तो सापडत नाही. गळ्यातून किंवा तार ओढूनच काढावा लागतो. मींड ऐकत वाढलेल्या कानाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

डब्ल्यू. सी. हँडी हा शिकलेला बँडमास्तर १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहत होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता आणि एकच ओळ पुन्हापुन्हा म्हणत होता. असे विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे हँडीने पुढे आत्मचरित्रात नोंदवले. १९१२ मध्ये त्याचे ‘मेम्फिस ब्लूज’ छापून आले, १९१४ मध्ये ‘सेंट लुईस ब्लूज’. मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही ध्वनिमुद्रिका १९२० मध्ये निघाली आणि हातोहात खपली. तेव्हा कुठे काळा माणूस हाही गिऱ्हाईक आहे हे कंपन्यांच्या ध्यानात आले. १९२३ पासून बेसी स्मिथचा आवाज घरोघर पोचला. ज्याच्या सुरीने हे सारे सुरू झाले, त्या स्टेशनवरच्या माणसाचे नाव मात्र हँडीनेही लिहून ठेवलेले नाही.

कृष्णाकाठीही कष्टाबरोबर गाणे होतेच. सुगीत माणसांची पात लागली की एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी ‘भलरी’चा ठेका धरायचा, ही रीत सातारा-सांगलीच्या रानांत जुनी आहे. विहिरीवर बैल मागे सरताना आणि पुढे ओढताना मोटकरी गाणे म्हणत असे. त्या गाण्याची लय बैलांच्या पावलांवर बांधलेली असे. घरात पहाटेच्या अंधारात दोघी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा धरत. एक ओवी म्हणे, दुसरी तीच उचलून घेई. माहेर, भाऊ, सासुरवास, दळणाचा शीण हे सगळे त्या ओव्यांत येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून अशा ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखावर गेली. त्यांत बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ओव्याही आहेत. जात्याशी बसलेली बाई राजकारणाबद्दल बोलत होती आणि तिची दखल कुठल्याही वर्तमानपत्राने घेतलेली नव्हती.

वाद्यांचेही साम्य नजरेत भरते. मिसिसिपीच्या खोऱ्यातली पोरे घराच्या लाकडी भिंतीवर खिळे ठोकून त्यांच्यात एक तार ताणत, खाली बाटली सरकवत आणि तीच त्यांची पहिली गिटार होई. इकडच्या तमाशाच्या फडातले तुणतुणेही तसेच एका तारेचे: लाकडी पोकळ नळा, तळाला कातडे, बाजूला बांबूची काठी आणि वर खुंटी. हलगीची गोष्ट मात्र वेगळी आहे. हलगी वाजवण्याआधी वाळक्या चघळाचा जाळ करतात आणि कड्यावर ताणलेले कातडे त्याच्यावर फिरवून शेकतात. ऊब लागली की कातडे आवळते आणि मगच काडीखाली तो कडक नाद निघतो. हा नाद मांग आणि महार समाजांच्या वाट्याला हौस म्हणून आला नव्हता. लग्न, जत्रा, मयत, दवंडी, जिथे गाव बोलावील तिथे जाऊन वाजवणे ही बलुत्याची सक्ती होती. ब्लूज वाजवणाऱ्याने गिटार स्वतःच्या पैशाने, बऱ्याचदा टपालाने मागवून विकत घेतलेली असे. हलगीवाल्याचे वाद्य त्याच्या जातीचे काम होते. आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ते खाली ठेवले, तेव्हा त्यांना संगीत सोडायचे नव्हते. सक्ती सोडायची होती. दोन परंपरांची तुलना करताना हा फरक विसरला तर सगळी तुलनाच लटकी पडते.

आपल्याच गाण्याची लाज हा या इतिहासातला सर्वांत अवघड भाग. अमेरिकेत चर्चला जाणाऱ्या काळ्या कुटुंबांत ब्लूज म्हणजे सैतानाचे संगीत मानले जाई आणि शिकलेल्या वर्गाला ते खालच्या वस्तीचे वाटे. लँग्स्टन ह्यूज या कवीने १९२६ मध्ये ‘द नेशन’ साप्ताहिकात लेख लिहून या संकोचावर बोट ठेवले आणि त्याच वर्षी ‘द विअरी ब्लूज’ हा कवितासंग्रह काढला. ब्लूजचा घाट त्याने छापील कवितेत आणला. कृष्णाकाठी हाच पेच तमाशाभोवती होता. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५), ब्राह्मण घर सोडून फडात गेले. महार समाजातल्या पवळाबरोबर त्यांनी लावणीला अफाट लोकप्रियता मिळवून दिली, आणि समाजाने दोघांनाही क्षमा केली नाही. सत्यशोधकांनी निराळी वाट काढली. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या कटगुणच्या कुळातले जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्या समाजाचे जलसे सातारा भागात गावोगाव फिरू लागले. ढोलकी आणि तुणतुणे तेच, गणगौळणीची चौकटही ओळखीची, पण शृंगाराच्या जागी सावकार, भट आणि अडाणीपणा हे विषय आले. १९३० च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. करमणुकीचा साचा न मोडता त्यातून म्हणणे मांडायचे, हा शोध ह्यूजच्या कवितेइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

अमेरिकेचा आणि या मुलखाचा संबंध एका विद्यार्थ्याच्या प्रवासातही दिसतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झालेले भीमराव आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर वाढत होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या नागरिकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. याच ड्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’चे शेवटचे प्रकरण गुलामांच्या दुःखगीतांना दिले होते आणि ही गीते म्हणजे काळ्या समाजाने दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, असे मत मांडले होते.

कराडजवळच्या मलकापूरहून महामार्गाने दक्षिणेला निघाले की कासेगाव लागते. वाटेगाव तिथून जवळच. १ ऑगस्ट १९२० रोजी तिथे जन्मलेले अण्णाभाऊ साठे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबाबरोबर पायी मुंबईला गेले. पडेल ते काम त्यांनी केले, गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले आणि तमाशाचे लोकनाट्य झाले. जवळपास त्याच वेळी, १९४३ मध्ये, मिसिसिपीच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवणारा मडी वॉटर्स आगगाडीने शिकागोला पोचला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने विजेवरची धरली. पोटासाठी गाव सोडलेल्या लाखोंपैकी हे दोघे. शहरात आल्यावरही दोघांच्या गाण्यात मागे राहिलेले गाव होते.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड, म्हणजे लावणीच्या अंगाचे गाणे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. सुरुवातीला ती एका चाकरमान्याची आहे. बायकोला गावी ठेवून तो मुंबईला निघतो, तिच्या रूपाची, निरोपाची, शहरातल्या फरपटीची हकीगत सांगतो. ऐकणारा गिरणी कामगार स्वतःच्याच बायकोच्या आठवणीने गलबलून जातो. आणि मग गाणे वळते: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव हा तुटलेला मुलूख म्हणजेच मागे राहिलेली मैना, असा उलगडा होतो. घरातला विरह राजकीय मागणीपर्यंत नेणारी अशी दुसरी रचना शोधायला फार दूर जावे लागेल. ब्लूजमध्येही विश्वासघातकी प्रियकराविषयीच्या तक्रारीआड पुष्कळदा मालक दडलेला असतो, पण तिथे तो झाकलेलाच राहतो. उघड बोलण्याची शिक्षा जिवाची होती. अण्णाभाऊ मैदानात हजारोंसमोर पडदा दूर करू शकले.

प्रत्यक्ष सुरांच्या रूपाने ब्लूज मराठी कानांवर आला तो मात्र निराळ्या दाराने. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. पाठोपाठ टेडी वेदरफर्डसारखे वादक आले. ताजच्या त्या दालनात गिरणी कामगाराला प्रवेश नव्हता, पण गोव्याच्या वादकांना होता. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड यांनी हे संगीत उचलले आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांच्या ‘शहनाई’ (१९४७) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतून ते देशभर गेले. पुढे गावोगावच्या बँडवाल्यांनी हीच गाणी पितळी वाद्यांवर बसवली आणि कराड-मलकापूरकडच्या वरातींत ती वाजू लागली. ज्यांच्या पूर्वजांनी सक्तीने हलगी वाजवली, त्यांच्यापैकीही काही जण या बँडांत ट्रम्पेट फुंकत. अशा फेऱ्याने ब्लूजचा तिरपा गंधार त्यांच्या ओठांवर आला.

जगात इतरत्र ब्लूजची शाखा भराभर विस्तारली. जॅझ त्याच्याबरोबरच वाढला होता. १९५० च्या दशकात चक बेरीसारख्यांनी त्याच्यातून रॉक अँड रोल काढला. १९६२ मध्ये लंडनच्या पोरांनी मडी वॉटर्सच्या गाण्यावरून आपल्या बँडचे नाव रोलिंग स्टोन्स ठेवले. नाव आणि पैसा बहुतेक गोऱ्यांकडे गेला. १९६३ मध्ये लीरॉय जोन्स (पुढचा अमीरी बराका) याने ‘ब्लूज पीपल’ लिहून हे संगीत म्हणजे काळ्या समाजाच्या अमेरिकेतल्या वाटचालीचा इतिहास आहे, असे सिद्ध केले. डग्लसने ज्याला मन मोकळे करणे म्हटले होते, ते आता पुरावा म्हणून वाचले जाऊ लागले.

मराठीत हा विचार साहित्यातून पोचला. २ मार्च १९५८ रोजी मुंबईच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णाभाऊंनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे असे सांगितले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांचा दाखला दलित लेखकांपुढे ठेवू लागले. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी दलित पँथर स्थापन केली. नाव अमेरिकेतल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. या देवघेवीत कविता आल्या, घोषणा आल्या, गाणी मात्र फारशी आली नाहीत. त्यांची गरजही नव्हती. वामनदादा कर्डक आणि विठ्ठल उमप या आंबेडकरी शाहिरांच्या रूपाने ती इथे आधीच उभी होती. उलट तुलना करणाऱ्या समीक्षकांनी छापील कवितेलाच साहित्य मानले आणि जलशाला प्रचार म्हणून बाजूला ठेवले, ही मोठी चूक झाली. अमेरिकेत ब्लूजला जे ग्रंथकार मिळाले, तसे छक्कडीला पुष्कळ उशिरा मिळाले.

२०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन वाजवून गेला. लुईझियानातल्या वाटेकरी कुळाचा हा मुलगा लहानपणी कापूस वेचत असे. त्याचे पहिले वाद्य त्याने स्वतःच बनवले होते, दोन तारांचे. वांद्र्याहून घाटकोपरचे चिरागनगर फार लांब नाही. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊंनी ‘फकिरा’सारखे लेखन केले, १९६९ साली ते वारले. १ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला तिथे आणि वाटेगावात मिरवणुका निघतात, हलगी शेकली जाते आणि मैनेची छक्कड म्हटली जाते.