पंगू प्रवाशाचा सारथी

गीतापाठाच्या आरंभी जे ध्यानाचे श्लोक म्हटले जातात, त्यांत मुक्याला वाचा देणाऱ्या आणि पांगळ्याला पर्वत ओलांडावयास लावणाऱ्या भगवत्कृपेचे स्मरण आहे. ती कृपा ईश्वराची. मनुष्याने पांगळ्यास उंच नेण्याचे मनात आणले, तर त्याला पट्टे, उशी, वजनाचा हिशेब आणि उचलणारे बळकट हात यांची तजवीज करावी लागते. ही तजवीज गौण आणि भाव तेवढा मुख्य, असे पुष्कळांस वाटते. ते कितपत खरे आहे?

ब्रिटन, अमेरिका या देशांत लहान विमानतळांवर हौशी वैमानिक पुष्कळ आहेत. कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या माणसांना केवळ प्रवासी म्हणून नव्हे, तर हाताने चालणाऱ्या सुकाणूची जोड देऊन वैमानिक म्हणूनही तेथे आकाशात नेले जाते. ब्रिटनमध्ये १९९३ साली निघालेली एरोबिलिटी ही संस्था हेच कार्य करते. परंतु संस्थेपाशी साधने व अनुभवी माणसे असतात. समजा, एखाद्या एकट्या वैमानिकास त्याचा पाठीचा कणा दुखावलेला मित्र म्हणाला, ‘एकदा मला वर ने.’ त्याने काय करावे?

सेस्ना १७२ हे चार आसनांचे विमान १९५५ साली प्रथम उडाले आणि आजवर चाळीस हजारांहून अधिक बनले. त्याचे पंख वर असल्यामुळे दार जमिनीपासून फार उंच नसते, आणि पुढच्या आसनावर माणसास बसविणे त्यातल्या त्यात सोपे जाते. परंतु पुढच्या दोन्ही आसनांसमोर सुकाणूचे पेडल असतात. लुळ्या पायांना अवचित आचका येतो, पाय घसरून पेडलवर अडकला तर विमान एका बाजूस वळू लागते. म्हणून पाय मागे घेऊन बांधावे लागतात. मागे बसवावे, तर तेथवर पोचण्याची वाट अरुंद. शरीरास संवेदना नसल्यामुळे खाली राहिलेली पट्ट्याची कडी तासभर रुतली तरी त्या माणसास कळत नाही, जखम दुसऱ्या दिवशी दिसते. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर घाम येत नाही आणि उन्हात तापलेल्या विमानात देह भट्टीसारखा होतो. उलट वर जावे तसे हवेचे तापमान हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. चाकांची खुर्ची वजनामुळे मागे ठेवली आणि विमान दुसरीकडेच उतरावे लागले, तर त्या माणसाचे पायच मागे राहिले म्हणावयाचे. लघवीची सोय काय, हेही निघण्यापूर्वी विचारावे लागते, आणि ते चारचौघांत विचारू नये. सर्वांत कठीण गोष्ट ही की, विमानास आग लागली तर धडधाकट माणूस क्षणात बाहेर उडी घेतो. याला ओढून काढणारा कोण?

अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण आहे, ते येथे नेमके लागू पडते. पुढे काय होईल, काय गमवावे लागेल, कोणास पीडा होईल आणि आपली शक्ती किती, हे न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म तामस होय. या मोहास दयेचे रूप घेता येत नाही असे नव्हे. किंबहुना दयेचे रूप घेतलेला मोह ओळखणे अवघड, कारण लोक त्याची प्रशंसा करतात. उड्डाणानंतर काढावयाच्या छायाचित्राचा विचार ज्याच्या मनात उशीच्या विचाराआधी येतो, त्याने आपले अंतःकरण तपासावे.

मग ‘नको, तुला धोका आहे’ असे सांगून मोकळे व्हावे काय? हा दुसरा मोह, आणि तो अधिक सोयीचा. कुरुक्षेत्रावर रथ कोठे न्यावयाचा हे रथात बसलेल्या अर्जुनाने सांगितले आणि प्रत्यक्ष भगवंतांनी ते ऐकले. दोन्ही सैन्यांच्या मध्ये धोका नव्हता काय? आणि सारा उपदेश झाल्यावरही, याचा पूर्ण विचार कर व मग तुला वाटेल तसे कर, असेच त्यांनी सांगितले. विचारास लागेल ते सर्व आधी दिले, निर्णय त्याच्याकडे ठेवला. स्टीफन हॉकिंग २६ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, जवळजवळ सर्व शरीर निश्चल झालेले असताना अमेरिकेत भाररहित अवस्थेच्या उड्डाणास गेले. ते विमान मोठे होते आणि सोबत डॉक्टर व परिचारिका होत्या. काळजी इतरांनी वाहिली, पण जाण्याची इच्छा त्यांची स्वतःची होती.

आपल्याकडे विमानाचा प्रसंग क्वचित. परंतु अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेल्या वडिलांना ‘तुम्हांला झेपणार नाही’ म्हणून नातवाच्या लग्नास न नेणारी घरे कमी नाहीत. त्यांना विचारलेलेच नसते.

तात्पर्य आगीचा प्रश्नही मित्रापुढे जसाच्या तसा मांडला पाहिजे. बाहेर काढण्याची तालीम जमिनीवर, विमान उभे असताना, त्याच्याच देखत करून पाहावी. ती जमली नाही तर तिसरा माणूस बरोबर घ्यावा किंवा बेत सोडावा. जावयाचे की नाही हे प्रवाशाने ठरवावे. आज हवा उडण्याजोगी आहे की नाही, हे मात्र वैमानिकानेच ठरवावयाचे. तेथे मित्राच्या डोळ्यांतील उत्सुकता मोजमापात धरता येत नाही.

आणि असे घडतेच. मित्र भल्या पहाटे निघून, दोघांच्या मदतीने गाडीतून उतरून धावपट्टीपाशी येतो, आणि वारा आडवा सुटलेला असतो. अशा वेळी ‘आज राहू दे’ एवढेच म्हटले, तर आपल्या देहामुळेच हे राहिले असे तो धरून चालतो. आयुष्यभर त्याने तेच ऐकलेले असते. वाऱ्याचा वेग किती, तो कोणत्या दिशेचा, या विमानास किती चालतो, हे आकड्यांनिशी त्याला दाखवावे, वाऱ्याची पिशवी कशी आडवी ताठ उभी आहे तेही दाखवावे, आणि पुढच्या रविवारी किती वाजता यावयाचे ते तेथेच ठरवावे.