मेंदूतील मांजर आणि कर्त्याचे दायित्व

कलाकृतीत दाखविलेल्या दुष्कृत्यांना कलावंत नैतिकदृष्ट्या जबाबदार असतो काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा श्रेष्ठ कृतींच्या आधाराने केली जाते. शोकात्मिकेतील हत्या किंवा महाकाव्यातील संहार अशी उदाहरणे घेतली की प्रश्न निम्मा सुटल्यासारखाच असतो. कारण कृतीच्या थोरवीने कर्त्याच्या वतीने आधीच साक्ष दिलेली असते. प्रश्नाची खरी धार पाहावयाची तर थोरवीचा आश्रय नसलेली एखादी कृती घ्यावी लागते. इटालियन दिग्दर्शक लूचो फुल्ची (१९२७-१९९६) याचा ‘मेंदूतील मांजर’ (१९९०) हा उत्तरकाळातील चित्रपट अशी एक कृती आहे.

फुल्चीने आरंभी विनोदी चित्रपट लिहिले आणि केले. पुढे ‘झोंबी २’ (१९७९) आणि ‘ल्’आल्दिला’ (१९८१) या भयपटांनी त्याचे नाव झाले. न्यू यॉर्कमधील एका खुन्यावरील त्याच्या १९८२ च्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नाकारण्यात आले. १९९० पर्यंत इटलीतील या प्रकारच्या चित्रपटांचा बहर ओसरला होता, आणि ‘मेंदूतील मांजर’ तुटपुंज्या साधनांत तयार झालेला आहे हे पदोपदी जाणवते. त्यात फुल्ची स्वतःच प्रमुख भूमिकेत आहे आणि पात्राचे नावही लूचो फुल्चीच आहे. आपण चित्रित करीत असलेल्या हिंसेने हा दिग्दर्शक आजारी झाला आहे. नरमांसभक्षणाचे दृश्य आटोपून तो जेवायला जातो, तर पुढ्यात येणाऱ्या मांसाच्या कल्पनेनेच त्याला मळमळते. घराबाहेर माळी यांत्रिक करवतीने लाकूड कापतो, आणि याच्या डोळ्यांसमोर शरीर कापले जाते. तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. हा डॉक्टर स्वतःच खुनी निघतो. तो दिग्दर्शकाला संमोहित करून, होत असलेले खून आपणच करीत आहोत असे त्याच्या मनावर बिंबवतो.

चित्रपट म्हणून याची योग्यता बेताचीच आहे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. कथानक विरळ, हत्यांची पुनरावृत्ती कंटाळवाणी, शेवटाची घाई उघड. फेलिनीच्या ‘साडेआठ’ची (१९६३) आठवण काहींनी काढली आहे, पण फेलिनीचा दिग्दर्शक चित्रपट सुचत नाही म्हणून व्याकूळ आहे, तर फुल्चीच्या दिग्दर्शकाला दुसरे काही सुचतच नाही. हा भेद साधा नाही.

डॉक्टरच्या कारस्थानातील उपरोध मात्र नेमका आहे. हिंसक चित्रपट माणसाला हिंसक करतात, या सर्वमान्य समजुतीवर त्याची सारी योजना उभी आहे. असले चित्रपट करणारा माणूसच खून करीत असणार, असे पोलिसांना, समाजाला आणि मुख्य म्हणजे त्या माणसालाही पटेल, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे नीतिरक्षकांचा सिद्धान्त येथे खुन्याचे आडोशाचे ठिकाण ठरतो. फुल्चीचे आपल्या टीकाकारांना दिलेले उत्तर एवढेच असते, तर हा चित्रपट एक चतुर बचाव म्हणून विसरून जाता आला असता.

पण बचाव करणारा माणूस आरोप इतक्या सहज का मान्य करतो? खून आपण केलेले नाहीत असे ठामपणे म्हणण्याजोगे याच्यापाशी काहीच का नाही? येथे चित्रपटाच्या घडणीकडे वळावे लागते. त्यातील हत्यांची बरीचशी दृश्ये नव्याने चित्रित केलेली नाहीत. काही फुल्चीच्याच १९८८ च्या चित्रपटांतून उचललेली आहेत, तर काही आंद्रेआ बियांकीच्या ‘मसाकर’सारख्या इतरांच्या चित्रपटांतून, ज्यांना फुल्चीचे नाव केवळ प्रस्तुतकर्ता म्हणून लावले गेले होते. जोड लपत नाही. दृश्यांचा पोत बदलतो, बळींचे चेहरे कथेत आधी कोठे दिसलेलेच नसतात. हे काटकसरीपोटी झाले, यात शंका नाही. परिणाम मात्र विलक्षण होतो. पडद्यावरचा फुल्ची आपण न केलेल्या खुनांची अपराधभावना वाहतो, आणि चित्रपटाचा कर्ता फुल्ची आपण न घेतलेली दृश्ये आपल्या मेंदूतली म्हणून दाखवतो. रोलाँ बार्थने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची वार्ता दिली. संहितेला उगमस्थान नसते, ती उद्धृतांची वीण असते, असे त्याचे सांगणे. येथे वीण अक्षरशः उद्धृतांचीच आहे. तरीही कर्ता मरत नाही. मालकी हातची गेल्यावरही त्याच्यापाशी दोष शिल्लक राहतो.

आपल्या रसचर्चेत बीभत्साला स्थान आहे, जुगुप्सा हा त्याचा स्थायिभाव आहे. आणि मरण, युद्ध यांसारख्या घटना अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सुचवाव्यात, असा नाट्यशास्त्राचा दंडकही आहे. जुगुप्सा आस्वाद्य होते ती साधारणीकरणामुळे, आणि त्याचे मूळ अभिनवगुप्त कवीच्याच ठायी पाहतो. कवीची संवित् आधी साधारणीभूत झालेली असते, म्हणून रसिकाची होते. फुल्चीच्या चित्रपटात घडते ते नेमके उलट. प्रेक्षक बाहेर पडून सुखाने जेवायला जाऊ शकतो. कर्त्याची जुगुप्सा मात्र लौकिकच राहते, ताटापर्यंत येते. याला रसविघ्न म्हणून बाजूला सारता येईल. पण मग असे विघ्न ज्याच्या ठायी आहे, त्याने केलेल्या कृतीतून आपण घेतलेल्या आस्वादाचे काय, हा प्रश्न आपल्याकडे येतो, आणि रसशास्त्रात त्याला तयार उत्तर मला दिसत नाही.

फुल्चीच्या १९७१ च्या एका चित्रपटात प्रयोगशाळेत चिरलेल्या कुत्र्यांचे दृश्य होते. खरे प्राणी कापले, असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. कार्लो राम्बाल्दी या कारागिराने आपली कृत्रिम कुत्री तेथे हजर केली, तेव्हा आरोप टळला. हा न्याय रास्तच होता. जे घडलेच नाही, त्याची शिक्षा कोणाला देणार? परंतु न्यायालयाच्या या तर्कात कृतीचे खोटेपण हीच कर्त्याची निर्दोषता ठरते, आणि ‘मेंदूतील मांजर’मधील रुग्णाला तो तर्क उपयोगी पडत नाही. आपले रक्त रंगाचे आहे, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरी त्याला अन्न जात नाही. कारण त्याची जबाबदारी परिणामाची नाहीच. त्या प्रतिमा जगात कोणाला बिघडवतात की नाही, हा समाजशास्त्राचा प्रश्न. हा माणूस त्या रोज, यादी करून, योजीत बसतो, हे त्याच्यापुरते पुरेसे आहे. चित्रपटाच्या आरंभी तो टेबलाशी बसून खुनाचे प्रकारच नोंदवीत असतो, आणि तेव्हाच ते मांजर त्याचा मेंदू कुरतडताना दिसते.

डॉक्टर मारला जातो, फुल्ची निर्दोष ठरतो, आणि ‘विकृती’ असे नाव असलेल्या शिडाच्या बोटीवरून एका तरुणीसह निघतो. थोड्याच वेळात तो तिचे तुकडे माशांना आमिष म्हणून लावताना दिसतो. मग कळते की तेही चित्रीकरणच होते. तरुणी हसत उभी असते. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. ही सुटका न्यायालयातल्या कुत्र्यांच्याच जातीची आहे. जेवणाच्या टेबलावर जिचा उपयोग झाला नव्हता, तीच येथे शेवट म्हणून देण्यात आली आहे, आणि फुल्ची बोट पुढे हाकतो.