शेवाळाला खायला कोण घालतं?



आंबेगाव तालुक्यातल्या कळंबला घोड नदी आहे, शिवारात शेततळी आहेत. उन्हाळा लागला की तळ्याचं पाणी हिरवं होतं. ठिबकच्या नळ्या तुंबतात. शेतकरी शेवाळ काढतो, ते पुन्हा येतं. शेवाळाला खायला कोण घालतं? पाण्यात उतरलेलं खत आणि माथ्यावरचं ऊन.

घरी काचेच्या टाकीत खारं पाणी भरून प्रवाळ जपणाऱ्यांचीही हीच तक्रार. आधी काचेवर तपकिरी थर धरतो, मग केसांसारखे हिरवे तंतू लोंबू लागतात. माणूस काच घासघास घासतो. आणि संध्याकाळी कौतुकानं माशांना चिमूटभर दाणे जास्तच टाकतो. उरलेले दाणे तळाशी कुजतात, पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साठतं. शेवाळाला खायला कोण घालतं? आपलीच माया.

मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. तिथं मासे आणि गोगलगायी शेवाळ चरतात. प्रवाळाच्या अंगात तर सूक्ष्म शैवालच राहतं, उन्हावर अन्न करून त्याला पोसतं. म्हणजे शेवाळ मुळात वैरी नाहीच.

घरातल्या हट्टाचं, कुरबुरीचं असंच असतं. मूल रडलं की आपण रागावतो, आणि गप्प बसावं म्हणून लगेच मोबाइल हातात देतो. दुसऱ्या दिवशी रडणं वाढतं. शेवाळाला खायला कोण घालतं?

टाकीत दाणे कमी केले, थोडं थोडं पाणी बदललं, तरी लगेच फरक दिसत नाही. काच घासल्याचं समाधान त्यात नाही. तरीही आज मूल रडलं, तर मोबाइल न देता नुसतं त्याच्याजवळ बसून पाहा.