श्रद्धा, शंका आणि अभ्यासकाची सचोटी

धर्माच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतः श्रद्धावंत असेल, तर त्याने केलेल्या विवेचनाला चिकित्सा म्हणावे की समर्थन, हा प्रश्न आपल्याकडे विचारला जातो तेव्हा त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. ज्याला निष्कर्ष अगोदरच ठाऊक आहे तो शोध कसला घेणार, असा या प्रश्नामागचा अभिप्राय असतो. प्रस्तुत लेखकाला हा अभिप्राय अपुरा वाटतो. परंतु त्याला दिली जाणारी प्रचलित उत्तरेही तितकीच अपुरी वाटतात.

या उत्तरांपैकी सर्वांत गाजलेले उत्तर अमेरिकन तत्त्वज्ञ अॅल्व्हिन प्लँटिंगा यांनी १९८३ साली नोत्र दाम विद्यापीठातील अध्यासनाचा स्वीकार करताना दिलेल्या व्याख्यानात आढळते. तत्त्वज्ञान शिकण्यासाठी प्रिन्स्टन किंवा बर्कलीसारख्या विद्यापीठात जाणाऱ्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीची कल्पना त्यांनी केली आहे. तेथे जे प्रश्न प्रतिष्ठित असतात तेच तिला आपले वाटू लागतात. जी गृहीतके तेथे मान्य असतात ती न तपासताच तिच्या विचारात शिरतात. प्लँटिंगांचे म्हणणे असे की, ख्रिस्ती तत्त्वज्ञाला स्वतःचे प्रश्न असण्याचा आणि स्वतःच्या गृहीतकांपासून आरंभ करण्याचा अधिकार आहे. ईश्वराचे अस्तित्व सर्वांना पटवून दिल्यावाचून पुढे जाताच येणार नाही, अशी अट त्याने का मान्य करावी?

मराठी समीक्षेच्या वाचकाला हा युक्तिवाद अपरिचित वाटू नये. साहित्यिकाच्या आणि समीक्षकाच्या बांधिलकीविषयी आपण दीर्घकाळ वाद घातला आहे. मार्क्सवादी किंवा आंबेडकरवादी भूमिकेतून लिहिणाऱ्या समीक्षकाने ती भूमिका आधी बाजूला ठेवावी, अशी मागणी आज कोणी गंभीरपणे करणार नाही. भूमिकेमुळे काही गोष्टी दिसतात, हे आपण मान्य केले आहे. गाडामर यांनी १९६० मध्ये पूर्वग्रहाला आकलनाची अट म्हणून जे स्थान दिले, त्याचाही आधार आपण घेतो. मग धार्मिक श्रद्धेपुरताच वेगळा न्याय का? श्रद्धा ही अबौद्धिक असते, म्हणून, असे उत्तर दिले जाते; पण ती अबौद्धिक आहे की नाही हाच तर वादविषय आहे.

तरीही प्लँटिंगांच्या भूमिकेत एक अडचण राहते. तत्त्वज्ञाने आपल्या श्रद्धावंत समुदायाचेही देणे लागते, असे ते म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण प्रश्न समुदायाने पुरवले आणि उत्तरेही समुदायानेच तपासली, तर विद्यापीठातील एक मोनोपली जाऊन तिच्या जागी दुसरी येते. बूर्झे आणि चॅमर्स यांनी २००९ साली केलेल्या पाहणीत तत्त्वज्ञांपैकी सुमारे ७३ टक्के निरीश्वरवादी आढळले, तर धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या तज्ज्ञांपैकी सुमारे ७२ टक्के ईश्वरवादी. युक्तिवाद तपासून लोक श्रद्धेकडे येतात, की श्रद्धा असलेलेच या विषयाकडे वळतात? दुसरी शक्यता अधिक वाटते. परंतु त्यावरून युक्तिवादांचे खरेखोटेपण ठरत नाही, हेही तितकेच खरे. माणूस विषयाकडे कोणत्या दाराने आला यापेक्षा आत आल्यावर तो कसा वागतो, हे पाहिले पाहिजे.

या वागण्याचा एक जुना दाखला आहे. अॅन्सेल्मने इ. स. १०७७-७८ च्या सुमारास लिहिलेला 'प्रोस्लोगिऑन' हा ग्रंथ प्रार्थनेच्या रूपात आहे. श्रद्धा आकलनाच्या शोधात असते हे त्याचे सूत्र. ईश्वराच्या संकल्पनेवरूनच त्याचे अस्तित्व सिद्ध करणारा युक्तिवाद त्यात येतो. गॉनिलो नावाच्या दुसऱ्या एका ख्रिस्ती साधूने 'मूर्खाच्या वतीने' त्यावर आक्षेप घेतला. एखाद्या परिपूर्ण बेटाची कल्पना केली म्हणून ते बेट अस्तित्वात येते काय, असा त्याचा सवाल होता. येथे दोन्ही पक्ष श्रद्धावंतांचे आहेत, आणि त्यांतला एक नास्तिकाची वकिली करतो आहे. अॅन्सेल्मचा चरित्रकार ईडमर सांगतो की, यापुढे ग्रंथाच्या प्रती काढताना हा आक्षेप आणि त्याला दिलेले उत्तर ही दोन्ही ग्रंथाला जोडावीत, असे स्वतः अॅन्सेल्मनेच सांगितले. ज्याला निष्कर्ष ठाऊक होता त्याने आपल्याविरुद्धचा पुरावा आपल्याच पोथीत बांधून घेतला. क्लिफर्डने १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर जो कठोर निबंध लिहिला, त्यातील जहाजमालकाचा अपराधही, बारकाईने पाहिल्यास, मनात आलेल्या शंका त्याने गळा दाबून मारल्या हा आहे. क्लिफर्ड याहून अधिक काही सिद्ध करू पाहतो हे खरे. पण त्याच्या उदाहरणाने सिद्ध होते ते एवढेच.

आपल्याला जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ मध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या विद्यालयात शिकू लागल्या. त्या काळातील त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला असून तो १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्रैक्य, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, मतांगीकारांचे प्रामाण्य या साऱ्यांविषयी त्या प्रश्न विचारतात. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, हाही त्यांचा प्रश्न आहे, आणि मराठीच्या अभ्यासकाला तो क्षुल्लक वाटणार नाही. सिस्टर जेराल्डिन यांना या प्रश्नांत अहंकार दिसला. विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्यांना प्रश्न म्हणूनच वागवले. भारतीय पुरोहितवर्गाच्या जोखडातून प्रयासाने सुटल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही, असे रमाबाईंनी स्पष्ट कळवले. येथे विद्यार्थिनी समुदायाचे प्रश्न विद्यापीठात नेत नाही. ती समुदायालाच प्रश्न करते, आणि तरीही ती त्याच्या बाहेर पडत नाही. प्लँटिंगांच्या विद्यार्थिनीला जी धिटाई हवी होती ती रमाबाईंजवळ होती. फरक इतकाच की, त्यांनी ती दोन्ही दिशांनी वापरली.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो. 'ख्रिस्तपुराणा'वर प्रबंधिका लिहिणाऱ्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीला तोंडी परीक्षेत विचारण्यात आले, की तुम्ही स्वतः या धर्माच्या, तेव्हा तटस्थता कशी राखली? त्याच दुपारी ज्ञानेश्वरीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षा झाली. त्याला असे काही विचारले गेले नाही; त्याच्या घरी वारीची परंपरा आहे हे ऐकून उलट समाधान व्यक्त झाले. मी त्या खोलीत होतो आणि काही बोललो नाही. प्रश्नच चुकीचा होता असे मी आज म्हणणार नाही. तो दोघांनाही विचारायला हवा होता, आणि थोडा बदलून: तुमच्या श्रद्धेला अडचणीचे ठरेल असे या ग्रंथात काय आहे, आणि ते तुम्ही कोठे मांडले आहे?

त्या विद्यार्थिनीजवळ उत्तर होते. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गोव्यात बंद झाली, आणि त्यांच्या जागी दुसरे काही हवे या मागणीतून स्टीफन्सचे पुराण उभे राहिले, हे ग्रंथाच्या आरंभीच सूचित होते. जी ओवी आपल्याला गोड लागते तिच्या मुळाशी एक हिरावून घेणे आहे, हे तिने स्वतःच्या प्रबंधिकेत कोणतीही सारवासारव न करता लिहिले होते. परीक्षकांची पृष्ठे उलटणे त्या प्रकरणापर्यंत पोचले नव्हते.