विद्येचा शेजारधर्म

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर आमच्या लोकांस तीर्थ म्हणून फार पूर्वीपासून ठाऊक आहे. लवणासुराचा वध विष्णूने येथे केला अशी कथा सांगतात, गावातील दैत्यसूदनाचे देऊळ तिची साक्ष म्हणून दाखवितात, आणि पाण्याच्या काठी कमळजादेवीचे ठाणे आहे. परंतु याच सरोवराने परदेशांतील पंडितांस व आमच्या पंडितांस एका पंक्तीस बसविले, ही गोष्ट तितकीशी सर्वश्रुत नाही. तिच्यातून एक नैतिक प्रश्न उभा राहतो, व त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहो. राष्ट्राराष्ट्रांत वैर पेटले असता विद्वानांच्या मंडळांनी परस्परांचे संबंध राखावे, की तोडावे?

प्रथम हकीकत सांगतो. काळ्या कातळात पडलेला, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा हा वाटोळा खळगा ज्वालामुखीचे मुख असावे, असा समज पुष्कळ काळ होता. तो उल्कापाताने झाला असावा, अशी शंका पुढे कित्येकांनी घेतली. तिचा निर्णय लागला तो १९७३ च्या मे महिन्यात ‘सायन्स’ या अमेरिकन नियतकालिकात आलेल्या एका लेखाने. सरोवराच्या तळात छिद्रे पाडून काढलेल्या खडकांत जबर आघाताच्या खुणा सापडल्या होत्या, आणि तशाच जातीचे काचमणी चंद्रावरून आणलेल्या मातीतही आढळले होते. लेखावर चार नावे होती. फ्रेडरिक्सन व मिल्टन हे अमेरिकेतील संस्थांचे, दुबे व बालसुंदरम् हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे. आता १९७१ चा डिसेंबर आठवावा. बांगलादेशाचे युद्ध चालू असता अमेरिकेने आपले आरमार बंगालच्या उपसागरात धाडले होते, आणि दोन्ही देशांचे मन एकमेकांविषयी पार विटले होते. त्यानंतर दीड वर्षाच्या आत ही चार नावे एका लेखाखाली छापली गेली.

यावर कोणी म्हणेल की, दगडास पक्ष नसतो, म्हणून हे साधले. भाषा आणि इतिहास यांच्या अभ्यासात अभ्यासाचा विषयच राष्ट्राच्या अभिमानाशी जखडलेला असतो. आक्षेप खरा आहे. म्हणूनच आम्ही स्लाव भाषांच्या अभ्यासकांचे उदाहरण घेतो. रशियन, पोलिश, झेक, सर्बियन, युक्रेनियन इत्यादी भाषांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९२९ साली प्राग येथे व दुसरी १९३४ साली वॉर्सा येथे भरली. तिसरी १९३९ साली बेलग्रेड येथे भरावयाची होती; महायुद्धाने ती गिळली. पुढे १९५५ साली त्याच बेलग्रेडमध्ये पंडित पुन्हा एकत्र जमले, आणि १९५८ साली मॉस्को येथे परिषद भरली. एवढा काळ जो दुवा तुटला, तो जोडावयास कोणी तरी पूर्वीचा परिचय जागता ठेविला असलाच पाहिजे.

तोडणाऱ्यांचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन मंडळाने जर्मनी व तिच्या दोस्तांच्या पंडितांस दार बंद केले, ते १९२६ पर्यंत उघडले नाही. त्या सात वर्षांत युद्धाचा एकही अपराधी सुधारल्याचे ऐकिवात नाही. परंतु ज्यांनी युद्धाचा निषेध केला होता अशा मूठभर जर्मन पंडितांसही इतरांबरोबरच बाहेर उभे राहावे लागले.

तथापि आम्ही येथे घाईने निकाल देऊ इच्छीत नाही. २०२२ साली रशियाने युक्रेनवर स्वारी केली, तेव्हा युरोपातील कित्येक विद्यापीठांनी रशियन संस्थांशी असलेले संबंध तोडले. ज्याचे नगर तोफांखाली जळत आहे, त्या युक्रेनियन पंडितास ‘विद्या वैरापलीकडची आहे’ असे आम्ही सुखरूप घरात बसून सांगावे, हे आम्हांस शोभत नाही. त्यातच रशियातील कुलगुरूंच्या संघाने मार्च २०२२ मध्ये त्या स्वारीस जाहीर पाठिंबा दिला. जी संस्था आपल्या आसनाचे वजन अन्यायाच्या पारड्यात टाकते, तिने पुन्हा विद्येच्या नावाने मान मागावा, हे न्यायाचे नव्हे. अशा संस्थेस सन्मानाचे आसन नाकारणे आम्हांस योग्यच वाटते.

मात्र संस्था आणि माणूस यांत भेद केला पाहिजे. एखादा पंडित अमुक देशात जन्मला एवढ्याच कारणास्तव त्याचे पत्र न उघडता परत धाडणे, त्याचा निबंध न वाचता बाजूस ठेवणे, हा त्याच्या सरकारास दंड नव्हे. तो आपल्याच अभ्यासविषयास दंड होय. विद्वानांचा संबंध हे सरकारांच्या मैत्रीचे दान नाही. ज्या वस्तूचा शोध दोघेही घेत आहेत, तिचे ते ऋण आहे. आणि ऋण भांडणाने फिटत नाही.

शिवाय संबंध राखणे म्हणजे एकमत होणे नव्हे. लोणारचेच पाहा. १९९७ च्या सुमारास एका पद्धतीने या खळग्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे ठरले; २०११ साली परदेशीय संशोधकांनी दुसऱ्या पद्धतीने ते ५ लक्ष ७० हजार ठरविले. अंतर दसपटीहून अधिक! पण एकाच्या हातचे खडक दुसऱ्यास तपासावयास मिळतात, एकाचे आकडे दुसऱ्यापुढे उघडे असतात, म्हणूनच हा वाद वाद राहतो, त्याचे वैर होत नाही. संबंध टिकतात ते परिषदांतील भाषणांनी नव्हे, अशा साध्या देवघेवीने टिकतात. पत्रास उत्तर द्यावे, मागितलेला नमुना धाडावा, साह्य करणाऱ्याचे नाव लेखावर घालावे, आणि विरुद्ध मत प्रामाणिकपणे छापावे.

एक गोष्ट मात्र राहते. या देवघेवीत लोणारच्या रहिवाशांस काय मिळाले? त्यांच्या पायांखालचा दगड दूरदूरच्या प्रयोगशाळांत गेला, त्याची कथा इंग्रजीत लिहिली गेली. ती मराठीत त्यांच्या दारी आणून पोचविणे, हे कर्तव्य आमच्याकडे येते. सातासमुद्रांपलीकडच्या पंडिताशी शेजारधर्म पाळणाऱ्याने काठावरच्या शेजाऱ्यास विसरणे बरे नव्हे.