गाळ कुणाच्या खात्याचा?

पेण-अलिबागकडच्या खारभूमीत बांध एका रात्रीत फुटत नाही. चिंबोऱ्या बिळं पाडतात, पावसाने माती धुपते, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी कुजते आणि मग एखाद्या अमावास्येच्या उधाणात बांधाला खांड पडते. लगेचच्या ओहोटीत ती बुजवली तर काम थोडक्यात भागतं. राहिली, तर दर भरतीला रुंदावत जाते. खारं पाणी शेतात साचून राहतं आणि खारेपणा सोसणारं राता भातही त्यात टिकत नाही. पाण्याबरोबर तरंगत आलेल्या तिवराच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडाच्या, बिया त्या चिखलात रुजतात. काही वर्षांनी सातबाऱ्यावर भात असतं आणि जागेवर जंगल. शेतकरी बांध दुरुस्त करायला निघाला, तर झाडाला हात लावणं गुन्हा आहे, असं त्याला बजावलं जातं.

ते बजावणं कायद्याला धरूनच आहे आणि हा कायदा मला हवा आहे. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला बंदी केली. जमीन सरकारी असो वा खासगी, झाडांपासून ५० मीटरपर्यंत भराव आणि बांधकाम थांबवलं. २०१८ च्या निकालाने ही तोड नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला ठरवली. मुंबई-ठाण्यात याची गरज किती होती, हे खाडीकाठी राहणाऱ्यांना ठाऊक आहे. तिथे कुऱ्हाडही लागत नाही. रात्री डेब्रिजचे डंपर रिकामे करून भरतीचं पाणी येण्याची वाट बुजवली की झाडं उभ्या उभ्या वाळतात, आणि मग ‘इथे जंगल होतंच कुठे?’ असं विचारायला लोक मोकळे. न्यायालयाचा आदेश आणि २०१२ मध्ये स्थापन झालेला वनखात्याचा कांदळवन कक्ष नसता, तर ठाण्याच्या खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला नसता, असं मला वाटतं.

पण ठाण्यात जे तिवर ढाल आहे, तेच पेणमध्ये बुडालेल्या शेताची खूण आहे. तिथे झाड वाढलं ते कुणी जपलं म्हणून नव्हे, बांध कुणी जपला नाही म्हणून. पूर्वी बांधाची डागडुजी हे गावाचं सामाईक काम होतं. गोव्यात खाजण शेतीचे बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळणारी मानस गावकरी संस्थेच्या देखरेखीखाली असत. आपल्याकडे १९७९ च्या खारभूमी विकास कायद्यानंतर अनेक बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. गावाचा हात सुटला आणि खात्याचा हात वेळेवर पोचेना. उधाण काही मंजुरीसाठी थांबत नाही.

या चिखलाचं दुसरं टोक डोंगरात आहे, आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं. मालक मुंबईला, उत्पन्न नाही, म्हणून लाकूड-व्यापाऱ्याला अख्खा डोंगर तोडीला दिला जातो. फुटवे जरा जाड झाले की पुन्हा तोड. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस अशा उघड्या उतारावर पडला, तर माती थांबणार कशी? ती पऱ्ह्यातून नदीत आणि नदीतून खाडीत जाते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याला एकच कारण नव्हतं. अतिवृष्टी होती, भरती होती. पण वाशिष्ठी नदीचं पात्र गाळाने उथळ झालं होतं, हे गावाला दिसत होतं. गाळ काढावा म्हणून नागरिकांना साखळी उपोषण करावं लागलं. पुढे यंत्रं आली, गाळ निघाला. डोंगरावरची तोड मात्र ज्या टेबलावर मंजूर होते, तिथे नदीचा विषयच निघत नाही. तोड वनखात्याकडे, पात्र पाटबंधाऱ्याकडे, बांध खारभूमीकडे, मासे मत्स्यव्यवसायाकडे. गाळ या सगळ्यांच्या हद्दी ओलांडून जातो.

पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालाचा गाभा ‘निर्णय ग्रामसभेपासून सुरू करा’ हा होता. कोकणात तो विकासविरोधी म्हणून गाजवला गेला, वाचला फार थोड्यांनी. पुढच्या कस्तुरीरंगन समितीने पश्चिम घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरवला आणि चर्चा यादीत कुठली गावं आहेत, कुठली नाहीत, एवढ्यावर येऊन अडकली. बंदी कुठे लागणार हे गावांना कळलं. जंगल राखल्याबद्दल काय मिळणार, हे कुणी सांगितलंच नाही.

समुद्रावर आपण हे वेगळ्या रीतीने करून दाखवलं आहे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २०१८ पासून राज्य सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कापलेलं जाळं म्हणजे बुडालेली कमाई, हे त्या योजनेने मान्य केलं. ती मान्यता मला रकमेहून मोठी वाटते, कारण जीव वाचवायचा खर्च एकट्या कोळ्याच्या खांद्यावर ठेवला नाही.

हाच न्याय पेणच्या शेतकऱ्याला का नको? जिथे दाट कांदळवन उभं राहिलं आहे, तिथे ते राखायचंच. पण सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याला दरवर्षी मोबदला द्यायला हवा, आणि तिथल्या खेकडे-जिताड्यावर पहिला हक्क गावाचा हवा. जिथे खांड ताजी आहे, तिथे रोजगार हमीतून बांध बांधण्याची मुभा आणि पैसा गावाच्या हाती द्यावा. डोंगरमालकालाही तोड न करण्याचे पैसे मिळावेत, नाहीतर लाकूड-व्यापारी देतोच. आणि तोडीचा अर्ज आला की त्या डोंगराचं पाणी ज्या खाडीत उतरतं, तिच्या काठच्या ग्रामसभांचं म्हणणं आधी ऐकावं. आज त्यांना असा अर्ज आल्याची साधी नोटीसही जात नाही.